प्रौढ वयात गोल्फचा स्विंग शिकताना

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाण्यास निघाले की त्र्यंबक नाक्याच्या परिसरात एक विस्तीर्ण मैदान लागते. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे त्याचे अधिकृत नाव. बोलीभाषेत मात्र ते आजही ‘गोल्फ क्लब मैदान’ याच नावाने ओळखले जाते. पहाटे तेथे चालणाऱ्यांची वर्दळ असते, मुलांचा क्रिकेटचा सराव चालतो, रणजी करंडकाचे सामनेही या मैदानाने पाहिले आहेत. गोल्फ मात्र तेथे आता कोणी खेळत नाही. ब्रिटिश अमदानीत गोऱ्या अधिकाऱ्यांनी आणलेला खेळ निघून गेला आणि नाव तेवढे मागे राहिले.

भारताला हा खेळ नवा नाही. कोलकात्यात १८२९ मध्ये स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून आहे. पुण्यात येरवड्याचे मैदान जुने आहे, तर नवी मुंबईत खारघर येथे सिडकोने गोल्फचे मैदान उभारले आहे. साहेबांचा आणि बड्या अधिकाऱ्यांचा खेळ ही त्याची प्रतिमा पूर्णपणे पुसली गेली नसली, तरी चाळिशी-पन्नाशीतले डॉक्टर, अभियंते, व्यावसायिक, निवृत्त शिक्षक असे अनेक स्त्री-पुरुष आता प्रथमच हातात गोल्फचा क्लब धरताना दिसतात.

या सर्वांची पहिली गाठ पडते ती स्विंगशी. जमिनीवर निश्चल पडलेला चेंडू आणि हातात लांब काठी. यात अवघड ते काय, असे लांबून पाहणाऱ्यास वाटते. पहिल्या दिवशी क्लब चेंडूच्या वरून निघून जातो, दुसऱ्या दिवशी तो मातीत रुततो आणि तिसऱ्या दिवशी चेंडू उडतो खरा, पण उजवीकडच्या झाडीत नाहीसा होतो. मग नवशिक्या अधिक जोर लावतो. जोर वाढतो तशी चूकही वाढते आणि काही आठवड्यांत कंबर किंवा कोपर दुखू लागते. हौसेने घेतलेली बॅग माळ्यावर जाते ती बहुधा याच टप्प्यावर. म्हणूनच स्विंग समजून घेणे हा केवळ गुणसंख्येचा प्रश्न नाही. आपल्या वयाच्या शरीराला झेपेल आणि पुढची वीस वर्षे टिकेल अशा रीतीने हा खेळ खेळता येईल की नाही, हे त्यावर ठरते.

क्रिकेटचा हात

मराठी माणसाच्या हातात बालपणापासून बॅट असते. गल्लीत, शाळेच्या मैदानात, गच्चीवर त्याने हजारो चेंडू टोलवलेले असतात. त्यामुळे नजर तयार असते, मनगट मोकळे असते आणि चेंडू बॅटच्या मध्यावर घेण्याची जाण असते. गोल्फमध्ये ही शिदोरी उपयोगी पडते. पण तीच काही ठिकाणी आड येते.

पहिला फरक ऊर्जेचा. क्रिकेटमध्ये चेंडू फलंदाजाकडे वेगाने येतो आणि त्या वेगाचा उपयोग करून घेता येतो. गोल्फचा चेंडू जागीच असतो. त्याला मिळणारी सगळी गती खेळाडूनेच निर्माण करायची असते. दुसरा फरक पावलांचा. ड्राइव्ह मारताना फलंदाज पुढचा पाय चेंडूच्या रोखाने टाकतो. गोल्फमध्ये पावले जागेवर राहतात आणि शरीराचा भार आतल्या आत एका पायावरून दुसऱ्या पायावर जातो. तिसरा फरक मार्गाचा. सरळ ड्राइव्हमध्ये बॅट जवळजवळ उभ्या रेषेत येते. गोल्फचा क्लब शरीराभोवती तिरप्या वर्तुळात फिरतो. तो आतल्या बाजूने चेंडूकडे येतो आणि चेंडूला भेटून पुन्हा आत जातो.

चौथा फरक सर्वांत त्रासदायक असतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचा खालचा, म्हणजे उजवा हात षटकार मारताना पुढाकार घेतो. गोल्फमध्ये हाच हात ऐनवेळी घाई करतो, क्लबला बाहेरच्या बाजूने ढकलतो आणि फटका बिघडवतो. (येथे आणि पुढेही वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्याचे आहे, डावखुऱ्यांनी बाजू उलट समजावी.) विटीदांडू खेळलेल्यांना हा फरक लवकर उमगतो, कारण विटीला टोला देताना केवळ जोर कामाचा नसतो, दांडू योग्य क्षणी विटीपाशी पोहोचावा लागतो.

अर्ध्या सहस्रांश सेकंदाचा हिशेब

गोल्फच्या चेंडूचे वजन नियमानुसार ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक असू शकत नाही आणि त्याचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असू शकत नाही. क्लबचे मुख आणि हा चेंडू यांचा प्रत्यक्ष संपर्क सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका काळ टिकतो. तेवढ्यात चेंडूची दिशा, उंची, वेग आणि फिरकी ही सारी ठरून जाते. त्यानंतर क्लब कोठे गेला, हात कसे राहिले, याचा चेंडूवर काहीही परिणाम होत नाही. सुंदर ‘फॉलो-थ्रू’ हे चांगल्या फटक्याचे कारण नसून त्याचा परिणाम असतो.

क्लब माथ्यावरून खाली येऊन चेंडूला भिडण्यास कुशल खेळाडूच्या बाबतीत साधारण पाव सेकंद लागतो. डोळ्यांनी चूक पाहावी, मेंदूने ती ओळखावी आणि स्नायूंना नवी आज्ञा द्यावी, एवढ्यातच हा वेळ जवळपास संपून जातो. याचा अर्थ असा, की खाली येणारा स्विंग वाटेत दुरुस्त करता येत नाही. ‘या वेळी मनगट नीट वळवीन’ असे ठरवून ऐनवेळी मनगट वळवणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. जे काही ठरवायचे ते स्विंग सुरू होण्यापूर्वीच ठरवावे लागते. म्हणूनच अनुभवी प्रशिक्षक नवशिक्याची पकड आणि उभे राहण्याची पद्धत यांवर इतका वेळ घालवतात. शिकणाऱ्याला हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण संपूर्ण स्विंगमध्ये शांतपणे तपासता येईल असा भाग तेवढाच असतो.

पकड आणि उभे राहणे

क्लब डाव्या हातात धरताना तो तळव्याच्या मधोमध न घेता बोटांच्या मुळाशी तिरपा घ्यावा. तळव्यात धरलेल्या क्लबमुळे मनगट आखडते. त्यावर उजवा हात अशा रीतीने यावा, की दोन्ही हात एकमेकांत बसून एकच एकक व्हावे. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर ठेवण्याची पद्धत जर्सी बेटावरचा विख्यात खेळाडू हॅरी व्हार्डन याच्या नावाने ओळखली जाते. जॅक निकलॉस आणि टायगर वुड्स यांनी बोटे एकमेकांत अडकवण्याची पद्धत वापरली. ज्यांचे हात लहान आहेत किंवा बोटांची पकड कमी आहे, त्यांनी दहाही बोटे क्लबवर ठेवली तरी चालते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली रेघ दोन्ही हातांवर साधारण उजव्या खांद्याच्या रोखाने असावी, एवढे पाहणे पुरेसे आहे.

पकडीचा दाब हा प्रौढांचा हमखास चुकणारा भाग. भीतीने किंवा ईर्षेने मूठ आवळली जाते, त्यासरशी कोपर आणि खांदे ताठ होतात. वारा नसताना उघडी छत्री जितक्या सहजतेने धरावी, तितकाच दाब हवा.

उभे राहताना पाय खांद्यांइतके रुंद असावेत. वाकायचे ते पाठीतून नव्हे, तर खुब्यातून. पाठ सरळ, गुडघे किंचित सैल आणि हात खांद्यांखाली आपसूक लोंबणारे. भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभे राहावे आणि कंबरेखालचा भाग भिंतीला टेकेपर्यंत मागे न्यावा, म्हणजे खुब्यातून वाकणे म्हणजे काय ते लगेच कळते. मधल्या लांबीच्या आयर्नसाठी चेंडू दोन्ही पावलांच्या साधारण मध्यावर असतो, तर ड्रायव्हरसाठी तो डाव्या टाचेच्या रेषेत येतो.

दिशा साधताना आणखी एक भ्रम होतो. नवशिक्या आपले खांदे थेट लक्ष्याकडे रोखतो. वास्तविक चेंडू आणि लक्ष्य यांची रेषा वेगळी आणि पावलांची रेषा वेगळी. दोन्ही रेल्वेच्या रुळांसारख्या समांतर असतात. सरावाच्या वेळी जमिनीवर दोन काठ्या समांतर ठेवल्या, तर हा दोष काही दिवसांत जातो.

गोफणीचा धडा

जोंधळ्याच्या मळ्यात माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणारा राखणदार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना गोल्फचा स्विंग समजावून सांगणे सोपे आहे. गोफणीतला दगड लांब जातो तो दंडाच्या ताकदीने नव्हे. आधी पाय आणि कंबर फिरतात, मग खांदा, मग हात आणि सर्वांत शेवटी गोफणीची दोरी आपला वेग दगडाला देते. प्रत्येक भाग आपले काम करून मंदावतो आणि आपली गती पुढच्या भागाच्या स्वाधीन करतो.

कुशल गोल्फपटूंच्या हालचालींचे मोजमाप केल्यावर हाच क्रम आढळतो. खाली येताना प्रथम कटिभाग वळतो, त्यानंतर छाती, त्यानंतर हात आणि अखेरीस क्लब. नवशिक्याचा क्रम नेमका उलटा असतो. क्लब वर पोहोचताच त्याचे हात खाली झेपावतात. खांदे त्यांच्यामागून ओढले जातात आणि कंबर जागीच राहते. जोर भरपूर लागतो, परंतु चेंडूपर्यंत पोहोचेतो क्लबचा वेग ओसरलेला असतो. सडपातळ अंगकाठीचा खेळाडू धिप्पाड खेळाडूपेक्षा लांब चेंडू मारतो त्यामागचे एक मोठे कारण हा क्रम आहे.

क्रमाबरोबर लयही आली. चांगल्या खेळाडूंमध्ये क्लब मागे नेण्यास लागणारा वेळ हा खाली आणण्यास लागणाऱ्या वेळेच्या साधारण तिप्पट असतो. झोपाळा मागच्या टोकाला क्षणभर थांबतो आणि मग आपल्या भाराने परत येतो, तसे हे घडावे. झोपाळा पूर्ण मागे येण्याआधीच ढकलला तर तो अडखळतो. क्लबचेही तेच होते. तालमीत जोडी किंवा करेल फिरवणाऱ्यांना हे ठाऊक असते. तेथेही वजन स्वतःच्या वेगाने फिरू द्यावे लागते, खेळाडूने फक्त त्याची वाट मोकळी ठेवायची असते.

हा क्रम अंगवळणी पाडण्याचा एक सोपा सराव आहे. चेंडू न ठेवता क्लब उलटा धरावा, म्हणजे दांड्याचे हलके टोक खाली येईल, आणि पूर्ण स्विंग करावा. हवा कापल्याचा ‘सूं’ असा आवाज कोठे येतो ते ऐकावे. तो उजव्या कानाजवळ आला, तर वेग वाटेतच खर्च झाला असे समजावे. आवाज चेंडूच्या जागेपाशी किंवा तिच्या किंचित पुढे येऊ लागला, की क्रम सुधारतो आहे. यासाठी मैदान लागत नाही, प्रशिक्षक लागत नाही. घराची गच्ची आणि आजूबाजूला मोकळी जागा असली म्हणजे झाले.

चेंडू उचलायचा नसतो

चेंडू हवेत जावा म्हणून त्याला खालून उचलावे, ही समजूत नैसर्गिक असली तरी चुकीची आहे. चेंडू वर नेण्याचे काम क्लबच्या मुखाच्या तिरकस उताराने करायचे असते. आयर्नने खेळताना क्लब किंचित खाली उतरत असतानाच चेंडूला भेटतो आणि चेंडूच्या पुढची माती खरवडतो. त्या वेळी चेंडूला उलटी फिरकी मिळते आणि हवेतल्या प्रवासात ही फिरकीच त्याला तोलून धरते. एडिंबरो विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ पीटर टेट यांनी १८९० च्या दशकात गोल्फच्या चेंडूच्या उड्डाणाचा अभ्यास करून या फिरकीचे महत्त्व दाखवून दिले होते.

नवशिक्या चेंडू उचलायला जातो तेव्हा त्याचा भार उजव्या पायावरच राहतो आणि स्विंगच्या वर्तुळाचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो. मग क्लब एकतर आधी जमिनीत घुसतो किंवा वर येता येता चेंडूच्या माथ्यावर आदळतो. दोन्ही चुकांचे मूळ एकच असते. उपाय म्हणून जमिनीवर एक रेघ आखावी आणि चेंडू न ठेवता, क्लब त्या रेघेच्या पुढच्या बाजूला गवताला लागेल अशा रीतीने स्विंग करावा. स्विंग संपताना सारा भार डाव्या पायावर आणि उजव्या पायाची टाच उचललेली असावी. ही अखेरची स्थिती दोन-तीन सेकंद तोल न जाता टिकवता येते का, हे पाहणे म्हणजे स्वतःची सर्वांत स्वस्त परीक्षा होय.

उजवीकडे वळणारा चेंडू

‘स्लाइस’ म्हणजे उजवीकडे वळत जाणारा फटका हा नवशिक्यांचा जुना आजार. त्याच्या निदानात बराच काळ गोंधळ होता. चेंडू क्लबच्या फिरण्याच्या दिशेने निघतो आणि नंतर मुखाच्या दिशेकडे वळतो, असे अनेक वर्षे शिकवले जात असे. रडारच्या साह्याने चेंडू आणि क्लब यांची गती मोजणारी उपकरणे एकविसाव्या शतकाच्या आरंभी वापरात आली आणि हे चित्र बदलले. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक प्रमाणात आघाताच्या क्षणी असलेल्या क्लबच्या मुखावरून ठरते. तो पुढे कोणीकडे वळणार, हे मुखाची दिशा आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकावरून ठरते.

साध्या गणिताने यातील नाजूकपणा लक्षात येतो. चेंडू निघताना त्याची दिशा केवळ १ अंशाने चुकली, तर २०० मीटरवर तो सुमारे साडेतीन मीटर बाजूला पडतो. ही चूक ५ अंशांची असेल तर अंतर साडेसतरा मीटर होते आणि चेंडू फेअरवेबाहेर जाऊ शकतो. त्यात वळणाची भर पडली की झाडी ठरलेलीच.

यातून नवशिक्याला एक उपयुक्त सवय लावून घेता येते. चेंडू कोठे पडला यावर चरफडण्यापेक्षा तो निघाला कोणत्या दिशेने आणि वळला कोणीकडे, या दोन गोष्टी पाहाव्यात. उजवीकडेच निघाला तर मुख उघडे होते. डावीकडे निघून उजवीकडे वळला तर मार्ग बाहेरून आत येणारा होता, म्हणजे उजवा हात आणि खांदा यांनी घाई केली. उजवीकडे वळतो म्हणून मुद्दाम आणखी डावीकडे रोखून उभे राहणे हा मात्र घातक उपाय आहे. त्याने मार्ग आणखी बाहेरून येतो आणि वळण वाढते. अशा वेळी आधी पकड तपासावी. रेघा उजव्या खांद्याऐवजी हनुवटीकडे किंवा तिच्याही डावीकडे जात असतील, तर दोन्ही हात थोडे उजवीकडे फिरवून घेतल्यानेच कित्येकदा निम्मा आजार बरा होतो.

शरीराचे वय

दूरचित्रवाणीवर दिसणारा विशीतला व्यावसायिक खेळाडू खांदे नव्वद अंशांहून अधिक वळवतो आणि कटिभाग त्या मानाने बराच कमी वळवतो. दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत घालवणाऱ्या पंचेचाळिशीच्या माणसाने त्याची नक्कल करू नये. सततच्या बैठ्या कामाने खुबे आणि पाठीचा वरचा भाग आखडतो. शरीराला वळायचे तर असतेच. मग ते वळण कंबरेच्या मणक्यांकडून घेतले जाते. हे मणके वाकण्यासाठी सोयीचे असले, तरी पिळण्यासाठी फारसे बनलेले नाहीत. हौशी गोल्फपटूंमध्ये कंबरदुखीची तक्रार सर्वाधिक आढळते, तिचे एक कारण यात आहे. त्याखालोखाल कोपराच्या तक्रारी येतात. घट्ट मूठ आणि कठीण जमिनीवर वारंवार बसणारे धक्के त्यांना निमंत्रण देतात.

यावर मार्ग आहेत आणि ते सोपे आहेत. उभे राहताना दोन्ही पावलांची बोटे थोडी बाहेर वळवावीत, म्हणजे खुब्यांना फिरण्यास वाव मिळतो. क्लब मागे नेताना डावी टाच किंचित उचलली तरी हरकत नाही. जॅक निकलॉससारखा श्रेष्ठ खेळाडूही ती उचलत असे. क्लब माथ्यामागे पूर्ण आडवा जायलाच हवा असे नाही. तीन-चतुर्थांश स्विंगमध्ये अंतर थोडे कमी होते, पण अचूकता बहुधा वाढते. क्लब हाती घेण्यापूर्वी दहा मिनिटे चालणे, खांदे व खुबे हलकेच फिरवणे आणि पहिले काही फटके अर्ध्या गतीने मारणे हा नियम पाळावा. पाठीचा जुना विकार किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दुखणे अंगावर काढून सराव केल्याने शरीर दुखरा भाग वाचवण्याची युक्ती शोधते आणि तीच पुढे स्विंगमधला दोष होऊन बसते.

त्र्यंबकेश्वरच्या परिसरात राहणाऱ्यांना एक गोष्ट आयतीच लाभते. ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढणाऱ्याचे किंवा श्रावणात फेरी घालणाऱ्याचे पाय आणि कटिभाग भक्कम असतात, आणि स्विंगची सुरुवात तेथूनच होते. कमतरता असते ती वळण्याची. खुर्चीत ताठ बसून गुडघे एकमेकांना लावावेत आणि छातीशी हात बांधून फक्त वरचे अंग दोन्ही बाजूंना सावकाश वळवावे. रोज पाच मिनिटांचा हा व्यायाम काही महिन्यांत फरक दाखवतो.

सराव किती आणि कसा

लहान मूल नक्कल करून शिकते. प्रौढ माणूस सूचना ऐकून शिकू पाहतो आणि एकाच वेळी डोके स्थिर, डावा हात सरळ, उजवे कोपर आत, मनगट अमुक कोनात अशा दहा सूचनांचे ओझे घेऊन चेंडूसमोर उभा राहतो. या बाबतीत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग लक्षणीय आहे. गोल्फ न खेळलेल्या व्यक्तींना छोटे उंच फटके शिकवताना एका गटाला आपल्या हातांच्या हालचालीकडे लक्ष देण्यास सांगितले गेले आणि दुसऱ्याला क्लबच्या झोक्याकडे. क्लबकडे लक्ष देणारा गट अधिक अचूक ठरला. नंतरच्या चाचणीतही तो पुढेच राहिला. म्हणून ‘मनगट वळव’ यापेक्षा ‘क्लब गवताला पुढे घासू दे’ ही सूचना शिकणाऱ्याला अधिक मानवते.

दुसरा धडा १९७९ च्या शी आणि मॉर्गन यांच्या प्रयोगातून मिळतो. हाताच्या काही हालचाली एकेक करून घोटणाऱ्यांची सरावाच्या वेळी प्रगती चांगली दिसली. पण त्याच हालचाली आलटूनपालटून करणाऱ्यांच्या त्या नंतर अधिक चांगल्या लक्षात राहिल्या. सराव मैदानावर एकाच क्लबने शंभर चेंडू एकाच दिशेला मारणाऱ्याला स्विंग जमल्याचा भास होतो आणि खऱ्या मैदानावर तो ओसरतो, याचे उत्तर येथे सापडते. अगदी पहिल्या काही आठवड्यांत एकच हालचाल घोटणे योग्यच आहे. ती थोडी बसली, की क्लब आणि लक्ष्य बदलत जावे. प्रत्येक चेंडूमागे दोन पावले मागे सरून नव्याने उभे राहावे.

तिसरी गोष्ट क्रमाची. टेक्ससचे नामवंत प्रशिक्षक हार्वी पेनिक हे नवशिक्याला होलपासून उलटे शिकवावे अशा मताचे होते. आधी हिरवळीवरचे पटिंग, मग छोटे चिप, मग अर्धा स्विंग आणि शेवटी पूर्ण स्विंग. चिप हा स्विंगचाच लहान भाऊ आहे. क्लबचे मुख सरळ ठेवणे, भार डाव्या पायावर राखणे आणि चेंडू न उचलणे ही तिन्ही तत्त्वे तेथे कमी वेगात शिकता येतात. ज्याला तीस पावलांचा फटका विश्वासाने मारता येत नाही, त्याने ड्रायव्हरला हात घालण्याची घाई करू नये.

रोज मैदान गाठणे शक्य नसलेल्यांनी आठवड्याची आखणी अशी करावी. चार दिवस घरी पंधरा-पंधरा मिनिटे : पकड, आरशासमोर उभे राहणे, उलट्या क्लबचा आवाज, पावले जुळवून संथ अर्धे स्विंग. एक दिवस गालिच्यावर पटिंग. एक दिवस सराव मैदानावर चाळीस-पन्नास चेंडू, त्यातले निम्मे छोटे फटके. एक दिवस विश्रांती. एका वेळी एकच बदल हाती घ्यावा आणि त्याला किमान तीन आठवडे द्यावेत. महिन्यातून एकदा बाजूने आणि समोरून भ्रमणध्वनीवर चित्रफीत घेऊन ती प्रशिक्षकाला दाखवावी. कारण आपण करतो आहोत असे वाटणे आणि प्रत्यक्ष करणे यांत मोठे अंतर असते. चालण्या-फिरण्यासाठी असलेल्या सार्वजनिक मैदानावर मात्र खरा चेंडू मारू नये. तो कोणाच्या डोक्याला लागला तर जीवघेणा ठरू शकतो. गच्चीवरही फोमचे हलके चेंडूच वापरावेत.

उशिरा आलेले

पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी, पुण्याचाच उदयन माने किंवा २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळवणारी अदिती अशोक हे खेळाडू लहानपणापासून या खेळात आहेत. त्यांच्याशी प्रौढ नवशिक्याने स्वतःची तुलना करण्यात अर्थ नाही. परंतु उशिरा येऊन मोठी मजल मारलेल्यांची उदाहरणेही आहेत. अमेरिकेचा लॅरी नेल्सन व्हिएतनाम युद्धातून परतल्यानंतर एकविसाव्या वर्षी गोल्फ शिकला आणि बेन होगनच्या १९५७ च्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकावरून त्याने आपला स्विंग घडवला. पुढे त्याने तीन प्रमुख स्पर्धा जिंकल्या. दक्षिण कोरियाचा वाय. ई. यांग एकोणिसाव्या वर्षी या खेळाकडे वळला आणि २००९ मध्ये टायगर वुड्सला मागे टाकून पीजीए अजिंक्यपद मिळवणारा ठरला.

यांपैकी सर्वांत बोलके उदाहरण कॅल्विन पीट याचे. बालपणी झाडावरून पडून त्याचे डावे कोपर मोडले आणि तो हात पुन्हा कधीही पूर्ण सरळ झाला नाही. शेतमजुरांना माल विकत फिरणाऱ्या या तरुणाने तेविसाव्या वर्षी प्रथम क्लब हातात घेतला. ‘डावा हात सरळ ठेवा’ हा गोल्फमधला पहिला धडा त्याला पाळताच येणार नव्हता. त्याने आपल्या वाकड्या हाताला साजेसा, पण प्रत्येक वेळी तंतोतंत तसाच होणारा स्विंग बसवला. अमेरिकेच्या पीजीए टूरवर त्याने बारा स्पर्धा जिंकल्या आणि १९८१ ते १९९० अशी सलग दहा वर्षे ड्रायव्हरच्या अचूकतेत तो पहिला राहिला.

पन्नाशीत शिकू लागलेल्या माणसाला स्पर्धा जिंकायच्या नसतात. त्याला आठवड्यातून एकदा चार-पाच तास मोकळ्या हवेत चालायचे असते, बरोबरच्या मित्रांना फार वेळ झाडीत चेंडू शोधायला लावायचा नसतो आणि दुसऱ्या दिवशी कंबर न धरता कामावर जायचे असते. त्यासाठी निर्दोष स्विंगची गरज नाही. मध्यम अंतराचा, साधारण सरळ जाणारा आणि पुन्हा पुन्हा तसाच मारता येणारा फटका पुरेसा आहे. सैल पकड, खुब्यातून वाकणे, कंबरेपासून सुरू होणारा क्रम, डाव्या पायावर संपणारा तोल आणि एका वेळी एकच दुरुस्ती, एवढे जपले तर सहा महिने ते वर्षभरात तो हाती येण्यास हरकत नाही.